शनिवारचा बाजार : आपल्या गावाचा चौक कोणता?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या पावसाळ्यात समाजशास्त्राच्या तासाला सर नगररचनेविषयी शिकवीत होते. बोलता बोलता ते मेक्सिकोतील चौकांकडे वळले. तेथील प्रत्येक गावाच्या मध्यभागी एक मोकळा चौक असतो, संध्याकाळी सारे गाव तेथे येऊन बसते, पोरे खेळतात, बँड वाजतो, म्हाताऱ्या बाया बाकावर बसून गप्पा मारतात, असे त्यांनी सांगितले. मग एकदम थांबून त्यांनी विचारले, "आता सांगा, आपल्या आटपाडीचा चौक कोणता?"

वर्गात उत्तरे पुष्कळ आली. कोणी देवळापुढचा पार म्हणाले, कोणी एस.टी. स्टँड म्हणाले, कोणी चहाच्या टपऱ्यांकडे बोट दाखवले. मुलींच्या बाकांवरून मात्र एकही उत्तर आले नाही. मीही गप्प बसले. घरी जाताना हा प्रश्न डोक्यातून जाईना. त्यातूनच प्रस्तुत लेख तयार झाला आहे. मेक्सिको मी पाहिलेला नाही. तो मला ग्रंथालयातील पुस्तकांतून भेटला. आटपाडीचा बाजार मात्र मी जन्मापासून पाहते आहे. तरी तो नीट पाहण्यासाठी मला तीन शनिवार वही घेऊन जावे लागले, हे प्रथमच कबूल करते.

मेक्सिकोतील चौक

मेक्सिकोवर स्पेनचे राज्य होते, त्या काळात वसलेल्या गावांची रचना बरीचशी एका साच्यातली आहे. १५७३ साली स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने नव्या वसाहतींसाठी नियम काढले. त्यांत मुख्य चौकाची मापेसुद्धा ठरवून दिलेली होती. चौकाची लांबी रुंदीच्या निदान दीडपट असावी, कारण उत्सवाच्या वेळी घोडे पळवायला तसा आकार सोयीचा पडतो. चौक २०० फूट रुंद व ३०० फूट लांब यापेक्षा लहान नसावा आणि ४०० फूट रुंद व ६०० फूट लांब हे माप उत्तम समजावे. चौकाभोवती कमानींच्या पडव्या असाव्यात, म्हणजे व्यापाऱ्यांची सोय होते, असेही त्या नियमांत आहे. चौकाच्या भोवताली चर्च, सरकारी वाडा आणि दुकाने येतात. म्हणजे देव, राजा आणि बाजार हे तिघेही एकाच अंगणात उभे!

परंतु बाजार ही काही स्पेनने मेक्सिकोला दिलेली देणगी नव्हे. स्पॅनिश सरदार कोर्तेस १५१९ साली तेथे पोचला, तेव्हा त्लातेलोल्को येथील बाजार पाहून तो थक्क झाला. तेथे रोज साठ हजारांहून अधिक माणसे देवघेव करतात, असे त्याने आपल्या राजाला लिहून कळवले. आकडा थोडा फुगवलेला असेलही, पण त्याचे आश्चर्य खरे होते. बाजाराला तेथील जुन्या नाहुआत्ल भाषेत जो शब्द होता, त्यावरून आलेला 'तियांगीस' हा शब्द मेक्सिकोत आजही उघड्यावरच्या बाजारासाठी वापरतात.

मेक्सिको शहरातील मुख्य चौकाला लोक 'सोकालो' म्हणतात. या शब्दाचा अर्थ मला फार मौजेचा वाटला. सोकालो म्हणजे चौथरा. १८४३ साली त्या चौकात स्वातंत्र्याचे मोठे स्मारक उभारायचे ठरले. चौथरा बांधून झाला आणि काम तेथेच थांबले. स्मारक झालेच नाही. पण लोक "चौथऱ्यापाशी भेटू" असे म्हणू लागले आणि चौकाचेच नाव चौथरा पडले. पुढे इतर गावांनीही आपापल्या चौकाला तेच नाव दिले. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? झाडाभोवती बांधलेल्या चौथऱ्याला आपण पार म्हणतो आणि "पारावर भेटू" असेच म्हणतो. दक्षिण मेक्सिकोतील ओआखाका शहराच्या सोकालोवर सावली धरणारी मोठी झाडे आहेत, त्यांना तेथे 'हिंदुस्थानचे लॉरेल' म्हणतात. ती प्रत्यक्षात वडाच्या कुळातील, आपल्या नांदरुकाच्या जातीची झाडे आहेत. एवढ्या लांबच्या चौकालाही सावली आपल्याच भावकीतल्या झाडाची आहे, हे वाचून मला आनंद झाला.

तीन प्रश्नांची कसोटी

चौक म्हणजे केवळ रस्ते मिळतात ती जागा नव्हे. चौक ओळखण्यासाठी मी तीन प्रश्नांची कसोटी ठरवली. येथे बोलावल्यावाचून कोण येऊ शकतो? आल्यावर कोण बसू शकतो? बसल्यावर कोण बोलू शकतो? या तिन्ही प्रश्नांना ज्या जागेवर "कोणीही" असे उत्तर येईल, तो खरा चौक.

ही कसोटी प्रथम पाराला लावू. पार ही आपल्या गावगाड्यातील मोठी सुंदर जागा आहे, यात वाद नाही. पाऊसपाणी, लग्ने, भांडणे, निवडणुका, साऱ्यांचा निकाल आधी पारावर लागतो. पण पारावर बसतो कोण? आजही माझ्यासारखी मुलगी पारावरून रोज दोन वेळा जाते, पण तेथे कधी टेकत नाही. टेकू नये असे कोणी सांगितलेले नाही, आणि सांगावे लागत नाही, हीच तर खरी गोष्ट आहे.

चावडीचे तसेच. आपल्या आटपाडीचे थोर साहित्यिक शंकरराव खरात यांचे 'तराळ अंतराळ' हे आत्मचरित्र १९८१ साली प्रसिद्ध झाले. तराळ म्हणजे गावाचा सांगावा पोचवणारा, दवंडी देणारा, सरकारी कामाला धावणारा महार. साऱ्या गावाचा निरोप त्याच्या तोंडून जाई, पण गावाच्या बैठकीत त्याला बसायला जागा नसे. अशा तराळाचा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. त्यांचे मोठेपण सांगताना आपण ही अर्धी बाजू विसरता कामा नये. आपला पार आणि आपली चावडी ही गावाच्या मध्यभागी होती, पण ती सगळ्या गावाची नव्हती.

मग उरतो तो शनिवारचा बाजार.

शनिवार

आपला तालुका माणदेशात मोडतो. माणगंगा नदीला पाणी थोडे आणि नाव मोठे. पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आत. त्यामुळे शेतीबरोबर शेळ्यामेंढ्या हाच येथील माणसाचा खरा आधार. शनिवारी दिवस उगवायच्या आत धनगर बांधव आपली जित्राबे घेऊन बाजारात उतरतात. बकऱ्यांच्या कानाला, दाताला हात लावून पारख चालते. भाव उघड बोलला जात नाही. टॉवेलाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली दोघे हात घालतात, बोटे दाबतात, माना हलवतात आणि भोवतालच्या पन्नास माणसांना न कळता सौदा होऊन जातो. कार्तिकात उत्तरेश्वराच्या यात्रेला हाच बाजार अनेक पटींनी फुगतो. जवळच्या खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिल्लार जनावरांचा बाजार भरतो, तोही याच परंपरेतला.

ऊन वर येते तसा भाजीबाजार भरू लागतो. पाले ठोकली जातात. मेथी, शेपू, वांगी, गवारी, कांदे, मटकी, हुलगे, बाजरी, घोंगड्या, दोरखंड, विळे, खुरपी, मडकी, बांगड्या, तयार कपडे असा माल हारीने लागतो. एका कडेला भज्यांचा घाणा निघत असतो आणि गरम जिलेबीभोवती पोरे घुटमळत असतात. दहा-वीस वर्षांत बाजाराचे रूप पालटले आहे. पूर्वी पायली, शेर, मापटे, चिपटे यांनी धान्य मोजत. आता काट्यावर आकडे उमटतात. भाजीच्या पाटीला टेकून पैसे देण्याघेण्याच्या चौकटींचा तो पुठ्ठाही उभा असतो आणि ज्या मावशींना अक्षर वाचता येत नाही, त्या मोबाइलमधून पैसे आल्याचा आवाज ऐकून मान डोलावतात. टेंभू उपसा योजनेचे कृष्णेचे पाणी तालुक्यात आल्यापासून माळावर डाळिंबाच्या बागा वाढल्या, उसाचा हिरवा पट्टाही दिसू लागला. हे पाणी आपोआप आले नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून पाणी परिषदा भरल्या, माणसे गावोगावहून आटपाडीला गोळा झाली, तेव्हा कोठे ते आले.

दिवाळीच्या आसपासच्या शनिवारी बाजारात नवे चेहरे दिसतात. सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी आपल्याकडची माणसे देशभर पांगलेली आहेत. ती सणाला घरी येतात. तमिळ, बंगाली, पंजाबी बोलणारी त्यांची मुले बाजारात माणदेशी आजीचा पदर धरून फिरतात. गाव सोडलेल्या माणसाला गाव पुन्हा भेटते ते बाजारातच.

दोन शनिवार

येथे मला एका योगायोगाचा उल्लेख केलाच पाहिजे. ब्रॉनिस्लाव मालिनोवस्की हे नाव आपण समाजशास्त्रात वाचतो. या थोर मानववंशशास्त्रज्ञाने आयुष्याच्या अखेरीस, १९४० व १९४१ साली, हुलिओ दे ला फुएन्ते या मेक्सिकन अभ्यासकाबरोबर ओआखाका खोऱ्यातील बाजारांचा अभ्यास केला. त्या खोऱ्यात प्रत्येक गावाचा बाजाराचा वार ठरलेला असतो. त्लाकोलुलाचा रविवार, एत्लाचा बुधवार, साचिलाचा गुरुवार, ओकोत्लानचा शुक्रवार. आणि ओआखाका शहराचा मोठा बाजार शनिवारचा! जगाच्या दुसऱ्या टोकालाही डोंगरावरच्या वाडीतील बाई शुक्रवारी रात्री पाटी भरून ठेवत होती.

साम्ये आणखीही आहेत. तेथे भाजी वजनाने न विकता ढिगांनी मांडतात, आपण त्याला वाटा म्हणतो. तेथे खरेदी झाल्यावर वर थोडे फुकट घालायची रीत आहे, तिला 'पिलोन' म्हणतात. आपण कोथिंबिरीची काडी मागताना "वर घाला की, मावशी" म्हणतो, तेच ते. घासाघीस दोन्हीकडे आहे. आणि मालाचे म्हणाल तर मिरची, टोमॅटो, मका ही तिन्ही मुळात त्याच मुलखातली. टोमॅटो हा शब्दसुद्धा नाहुआत्ल भाषेतून आलेला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर मिरची गोव्याला उतरली आणि आज तिच्यावाचून माणदेशातील भाकरी घशाखाली उतरत नाही. पाहुण्याने घरच बळकावावे, तसे हे झाले.

परंतु एक भेदही ध्यानात घ्यावा. ओआखाकाचा बाजार एके काळी मुख्य चौकातच भरत असे. पुढे तो छपराखाली गेला आणि १९७० नंतरच्या दशकात शनिवारचा मोठा बाजार शहराच्या कडेला नव्या जागी हलवला गेला. चौक स्वच्छ झाला, पण पाटीवाली बाई चौकातून उठली. चौक आणि बाजार यांची अशी फारकत होऊ शकते, हे मी पुढच्या विवेचनासाठी नोंदवून ठेवते.

कैद्यांनाही मोकळा बाजार

आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर आपणा सर्वांना ठाऊक आहे. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने जानेवारी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि त्याच वर्षी मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेतून स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत सुरू झाली. तिच्यावरून ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. गदिमांचा जन्म आपल्याच तालुक्यातील शेटफळेचा, हे सांगायला नकोच.

त्या चित्रपटात कैद्यांची खरी परीक्षा होते ती बाजारात. स्वतः पिकवलेली भाजी घेऊन ते बाजारात जातात, रास्त भावाने विकतात आणि त्यामुळे चिडलेले व्यापारी त्यांना मारहाण करतात. हात न उचलण्याचे वचन दिलेले ते सहा खुनी कैदी मार खातात, पण उलटून मारत नाहीत. हा प्रसंग कथाकाराने शेतात किंवा कोठडीत न घालता बाजारात का घातला असेल, याचा मी विचार केला. मला वाटते, माणूस सुधारला की नाही हे चार लोकांत, भाव ठरवताना, धक्काबुक्की होताना कळते. ज्याला बाजारात बसू दिले, त्याला गावाने आपल्यात घेतले.

पाटीमागून दिसणारा बाजार

आता जे सांगायचे ते सांगताना थोडा संकोच वाटतो. पहिले दोन शनिवार मी बाजारात उभी राहून टिपणे घेतली. कोण कोठे बसते, काय विकते, किती वाजता उठते, असे लिहीत फिरले. मात्र भाजीबाजाराच्या एका ओळीकडे मी फिरकले नाही. त्या ओळीत माझी आई बसते. वर्गातल्या मुली बाजाराला येतात आणि तिच्याकडूनही मेथी घेतात. ती माझी आई आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ही पायरी चढताना मी नकळत आईच्या ओळीतून उठले होते.

तिसऱ्या शनिवारी तिनेच मला पाहिले. हाक मारून म्हणाली, "उभी ऱ्हाऊन काय बघतीस? बस की हितं. बसल्याबिगर बाजार कळत न्हाई."

मी पोत्यावर बसले आणि खरोखरच बाजार वेगळा दिसू लागला. उभ्याने माणसांची डोकी दिसत होती. बसल्यावर पाय दिसले, पायताणे दिसली, दुकानदारणींचे एकमेकींशी चाललेले बोलणे ऐकू आले. आईच्या डाव्या हाताला बसणाऱ्या मावशी दुसऱ्या वाडीच्या, दुसऱ्या जातीच्या. त्यांची ओळख बाजाराबाहेरची नाही. पण एक उठली की दुसरी तिची पाटी सांभाळते, सुट्टे पैसे देते, गिऱ्हाईक जाऊ देत नाही. कोणाची लेक नांदत नाही, कोणाला कोणत्या दवाखान्यात गुण आला, बचत गटाचा हप्ता कधी आहे, कोणाच्या पोरीला कोठे नोकरी लागली, हे सारे तेथे बोलले जात होते. पुरुषांच्या पारावर जे चालते तेच हे. फरक इतकाच की हात कामात होते.

मी मावशींना विचारले, "तुम्हाला बाजाराला यायला का आवडते? चार पैसे मिळतात म्हणून?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "पैकं तर हायच की, बाय. पर हितं कुणी इचारत न्हाई, का बसलीस म्हणून."

माझ्या साऱ्या टिपणांत एवढे मोलाचे वाक्य दुसरे नाही. बाईला मोकळ्यावर बसायचे तर हातात काम लागते. भाजीची पाटी हा तिचा माल तर खराच, पण तो तिचा बसण्याचा परवानाही आहे. पाटी उचलली की परवाना संपला. मेक्सिकोतील म्हातारी बाकावर रिकाम्या हाताने बसते. आपली म्हातारी जुडी बांधत बसते. आपला बाजार चौक आहे, पण तो आठवड्यातून एक दिवस आणि कामाच्या निमित्ताने.

या परवान्याची किंमतही थोडी नाही. सकाळी सातला बसलेली बाई दिवसभर पाणी जपून पिते. त्याचे कारण बायांना सांगायला नको आणि पुरुषांनी ते विचारून घ्यावे. डोक्यावर सावली नाही. पाऊस आला की पाले आवरेपर्यंत अर्धा माल भिजतो. तरीही पुढच्या शनिवारी त्या असतातच.

उपसंहार

वरील विवेचनावरून माझा निष्कर्ष असा की, तीन प्रश्नांच्या कसोटीला आपल्या गावात शनिवारचा बाजारच सर्वांत जास्त उतरतो. तेथे धनगर येतो, गलाईवाला येतो, कोणत्याही जातीची बाई येते, बसते आणि बोलते. पार जुना असेल, पण बाजार अधिक मोठ्या मनाचा आहे. अर्थात तो निर्दोष नाही. बाजारातही चांगल्या जागा कोणाला आणि कडेच्या कोणाला, हा प्रश्न आहेच. त्याचा अभ्यास स्वतंत्रपणे व्हायला हवा.

वाढत्या गावात बाजार गैरसोयीचा वाटू लागतो. गाड्या अडतात, कचरा होतो, मग तो गावाबाहेर न्यावा असे बोलले जाते. गैरसोय खरी आहे. परंतु बाजार हलवताना नुसती पाले हलत नाहीत, बसण्याची जागा हलते, हे ओआखाकाच्या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे. बाजार असेल तेथे सावली, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह एवढे तरी असावे. स्पेनच्या राजाने साडेचारशे वर्षांपूर्वी घोड्यांना पळायला किती जागा हवी याचा नियम केला होता. आपण बायांना बसायला काय हवे एवढा विचार करणे अवघड नाही.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मुलींच्या बाकांवरून आले नव्हते. ते उशिरा का होईना, मी या लेखातून देत आहे. तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी वर्गातल्या दोघी मैत्रिणी मेथी घ्यायला आल्या. पोत्यावर मला पाहून त्या थबकल्या. मी म्हणाले, "ही माझी आई." आईने दोन जुड्या दिल्या आणि वर कोथिंबिरीची एक काडी घातली. मग ती त्यांना म्हणाली, "उभ्या का? बसा की."

त्या बसल्या. आम्ही चौघी दिवेलागणीपर्यंत तेथेच बोलत बसलो होतो आणि पाटी केव्हाच रिकामी झाली होती.